जिन्याचे द्रव्य, रंग आणि औचित्य

लाकडी जमिनीच्या घरात जिना कशाचा करावा आणि त्याला कोणता रंग द्यावा, या प्रश्नाची दोन अंगे आहेत. पहिले गवंड्या-सुताराचे आहे: काय टिकेल, काय घसरणार नाही, काय परवडेल. दुसरे तत्त्वचिंतकाचे आहे: दोन वस्तू एकमेकींना शोभतात, म्हणजे त्या सारख्या असतात, की आपापल्या जागी योग्य असतात? शिल्पशास्त्र, वैशेषिक दर्शन, बौद्ध विचार आणि काव्यशास्त्र यांत या दुसऱ्या अंगाची सामग्री विखुरलेली आहे. ती एकत्र मांडली की पहिल्या अंगाचाही उलगडा होतो.

पहिल्या अंगाची जुनी रीत पाहायला बदनापूरचे उदाहरण घेऊ. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आहे. मराठवाड्याच्या या भागातील जुन्या घरांत दगड, लाकूड आणि माती यांनी कामे वाटून घेतलेली असत. जोते दगडाचे, खांब, तुळया आणि कड्या लाकडाच्या, वर मातीचे माळवद. उन्हापावसात उघड्या राहणाऱ्या पायऱ्यांना दगड, तर आतून माडीवर नेणाऱ्या जिन्याला लाकूड सोयीचे पडे. आता बांधकाम सिमेंट आणि सळईचे झाले आहे. सळई तर जालन्याच्याच कारखान्यांत तयार होते. जिन्याचा सांगाडा काँक्रीटचा आणि त्यावर कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल किंवा लाकडी फळी, अशी आजची रीत आहे. पूर्वी दिसणारे द्रव्यच भार पेलत असे. आता ते बहुधा वरचा थर असते. त्यामुळे निवड मोकळी झाली, पण निवडीचा निकष हरवला.

‘मानसार’ या शिल्पग्रंथात द्रव्यांच्या संख्येवरून इमारतींचे तीन प्रकार केले आहेत. एकाच द्रव्याची ती शुद्ध, दोन द्रव्यांची ती मिश्र आणि तीन वा अधिक द्रव्यांची ती संकीर्ण. मिश्रणाला या वर्गीकरणात रीतसर जागा आहे. मात्र घरात किती द्रव्ये आली याचा हिशेब ठेवावा, हे त्यातून सुचते. लाकडी जमीन, दगडी पायऱ्या आणि लोखंडी कठडा एवढ्यानेच घर संकीर्ण होते. त्यात पायरीची आडवी बाजू एका दगडाची आणि उभी बाजू दुसऱ्याची केली, तर मुख्य काय आणि दुय्यम काय हे कळेनासे होते. जमीन लाकडाची असेल, तर लाकूड मुख्य आणि बाकी सारे त्याचे सोबती, असा क्रम आधी ठरवणे हिताचे.

रंगाचा प्रश्न वैशेषिक दर्शनाकडे नेतो. कणादाच्या या दर्शनात रंग हा गुण आहे आणि गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. कच्चा घडा भट्टीत भाजून लाल होतो, तो लाल रंग त्या मातीचा स्वतःचा होतो. अग्नीच्या संयोगाने आलेल्या अशा गुणांना पाकज म्हणतात. टाइलही भाजलेली मातीच असते. तिचा भाजून आलेला रंग तिचा असतो, पण तिच्यावर छापलेल्या सागाच्या रेषा दुसऱ्या द्रव्याच्या असतात. मग लाकडाचा भास करणारी टाइल खोटी ठरते काय?

वेरूळचे दहावे लेणे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. विश्वकर्म्याच्या नावाने आणि ‘सुताराची झोपडी’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या, सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या बौद्ध चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या आहेत. कार्ल्याच्या त्याहून जुन्या चैत्यगृहात खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही टिकून आहेत. वेरूळला लाकडाचा आकार दगडात आला, तरी तिथला दगड पाहणाऱ्याला दगडच वाटतो. त्या अनुकरणात परंपरेचे स्मरण आहे, फसवणूक नाही. लाकडी छापाच्या टाइलचे तसे नाही. डोळ्याला लाकूड दिसते आणि अनवाणी पायाला गार, कठीण पृष्ठभाग लागतो. दोन इंद्रियांची साक्ष जुळत नाही. वाळवी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते आणि झाड तोडावे लागत नाही, हे तिचे गुण खरे आहेत. पण खऱ्या लाकडी जमिनीला लागूनच ती बसवली की तुलना अटळ होते. तिथे एकरंगी, आपले मातीपण न लपवणारी टाइल अधिक शोभते.

सारखेपणाचा आग्रह काळाच्या कसोटीवरही टिकत नाही. अनित्यतेचा बौद्ध विचार लाकडाला अक्षरशः लागू पडतो. ताजा कापलेला साग असमान छटांचा असतो. हवा आणि उजेड लागून तो सोनेरी-तपकिरी होत जातो. लॅमिनेटची छापील छटा सागाच्या चालीने बदलत नाही, दगड तर बराच काळ तसाच राहतो. खरेदीच्या दिवशी तंतोतंत जुळवलेले रंग काही वर्षांत वेगळे पडतात. म्हणून जिनाही लाकडाचा हवा असेल, तर शक्यतो जमिनीचेच लाकूड आणि तेच पॉलिश घ्यावे, म्हणजे दोन्ही बरोबर जुनी होतील. ते शक्य नसेल, तर स्पष्ट वेगळेपण बरे. सोनेरी सागाशेजारी काळा कडप्पा किंवा राखाडी कोटा ठरवून निवडलेला दिसतो. एका छटेने हुकलेला तपकिरी मात्र चुकलेला दिसतो.

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात शोभेचे मूळ औचित्यात मानले. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दोन्ही दागिने हास्यास्पद ठरतात, असे त्याचे म्हणणे. जिन्याचे औचित्य चढण्या-उतरण्यात आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची रुंदी किमान 25 सेंटीमीटर आणि उंची जास्तीत जास्त 19 सेंटीमीटर असावी. पायरीची कड ठळक दिसणे हाही औचित्याचाच भाग आहे. जमीन, पायरी आणि कड एकाच गडद रंगाची असेल, तर मंद दृष्टीच्या वृद्धाचा पाय चुकतो. अशा वेळी कडेला वेगळ्या रंगाची, खरखरीत पट्टी देणे ही सजावट तर आहेच, त्याहून अधिक ती अहिंसा आहे. गुळगुळीत ग्रॅनाइट कितीही उठून दिसला, तरी ओल्या पायांच्या घरात तो अनुचितच. पायऱ्या विषम संख्येत असाव्यात या रूढ समजुतीचाही एक सरळ परिणाम आहे: उजव्या पायाने सुरुवात केली, तर शेवटच्या पायरीवरही पाऊल उजवेच पडते.

पायरीचा मान तिच्या द्रव्यावर अवलंबून नसतो, हे वारकरी परंपरेने दाखवले आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील नामदेव पायरी ही नामदेवांची समाधी मानली जाते. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. देवळात शिरताना भाविक पायरीला हात लावून तो कपाळाला लावतात. पाय ठेवण्याची जागा आणि नमस्काराची जागा एकच असू शकते, ती तिच्या सेवेमुळे. घरच्या जिन्यालाही हाच न्याय लावता येतो: महाग दगडाने तो थोर होत नाही आणि साध्या फरशीने हलका होत नाही.

या सर्व विचारांतून निवडीचा क्रम निघतो. आधी पायाची सुरक्षितता, मग द्रव्यांची मर्यादित संख्या, मग प्रत्येक द्रव्याचा स्वतःचा रंग आणि शेवटी छटांचा मेळ. लाकडी जमिनीला पूरक जिना तिच्यासारखा दिसलाच पाहिजे असे नाही. त्याने आपले काम चोख करावे आणि जमिनीला तिचे करू द्यावे, एवढे पुरेसे आहे.