"मी डोळ्यांनी बघितलंय, साहेब"

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडं थोडं फुशारकीनं आणि बरंचसं थट्टेनं म्हणतात. साक्षीदाराची आठवण तपासून बघायचा विचार मात्र खरोखरच जर्मनीत रुजला. परभणीच्या कोर्टापर्यंत तो पोचला तेव्हा अर्धाच उरला होता.

१९०१ मध्ये बर्लिनला फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकांच्या वर्गात दोन विद्यार्थ्यांचं भांडण जुंपलं. एकानं पिस्तूल काढलं, बार उडाला. सगळं आधी ठरवलेलं नाटक होतं. नंतर बघणाऱ्यांकडून हकीकत घेतली, तर सर्वांत चांगल्या हकीकतीतही २६ टक्के चुका निघाल्या आणि सर्वांत वाईट हकीकतीत ८० टक्के. त्यातही भांडण पेटल्यानंतरच्या भागात चुका वाढल्या होत्या. कोर्टाला नेमका तोच भाग हवा असतो.

ही हकीकत गाजवली ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांनी, १९०८ च्या आपल्या पुस्तकात. ते मूळचे जर्मन, हार्वर्डला मानसशास्त्र शिकवत. त्यांच्याच घरी चोरी झाली तेव्हा त्यांनी शपथेवर सांगितलं की चोर तळघराच्या खिडकीतून शिरले. प्रत्यक्षात दाराचं कुलूप तोडलेलं होतं. साक्षीदाराची आठवण तपासण्याबद्दलच्या त्यांच्या दाव्यांची कायदेपंडितांनी यथेच्छ टर उडवली आणि विषय कित्येक वर्षं मागं पडला. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांनी अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातलं एकच क्रियापद बदललं. जोरकस शब्दात ज्यांना विचारलं, त्यांना गाड्यांचा वेग जास्त आठवला. आठवड्यानं त्यांच्यातल्याच जास्त जणांना फुटलेली काचही आठवली. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

आपल्याकडं यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जिंतूरकडच्या एखाद्या गावात लाईट गेलेली असताना हाणामारी झाली, तर जबाब घ्यायला फौजदार येईस्तोवर ती पारावर, दवाखान्याच्या पायरीवर, फोनवर सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. कुणीतरी मध्येच विचारतं, "कुऱ्हाड थोरल्याच्याच हातात होती ना?" तेवढं पुरतं. पुढं कोर्टात उभा राहून तोच माणूस थोरल्याचं नाव घेतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो; त्याला ते खरंच दिसत असतं. शिवाय हत्यारावर नजर खिळली की ते धरणाऱ्याचा चेहरा नीट टिपला जात नाही, हेही प्रयोगांत वारंवार आढळलं आहे.

आपल्या न्यायालयांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९८३ मध्ये भरवाडा भोगीनभाई खटल्यात न्यायमूर्ती ठक्कर यांनी लिहून ठेवलं, की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप नसते. वेळेचा तो अंदाजच सांगतो, उलटतपासणीत गोंधळतो, कल्पनेनं तपशील भरतो. इतकं शहाणपणाचं निरीक्षण कशासाठी वापरलं? किरकोळ विसंगतीवरून साक्ष फेकून देऊ नका, हे सांगण्यासाठी. गावाकडच्या घाबरलेल्या साक्षीदाराला त्याचा मोठाच आधार झाला. पण आठवण तपशिलात चुकते तर चेहऱ्यातही चुकेल, ही दुसरी बाजू मला तरी तितक्या जोरानं मांडलेली दिसत नाही.

साक्षीदारानं संशयिताचा चेहरा इतरांतून ओळखायचा, त्या ओळख परेडचे नियम तसे बरे आहेत. एका संशयितामागं निदान सहा डमी, परेड घेणार नायब तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी, पोलिसांनी बाहेर थांबायचं. तरीही नाशिकजवळ २००३ मध्ये पाच जणांची हत्या झाली, त्या खटल्यात भटक्या जमातीचे सहा जण ओळख परेडमध्ये ओळखले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई दिली. घटनेनंतर दोनच दिवसांत वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळेच लोक ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. यात आठवणीचा दोष किती, हे सांगणं अवघड आहे. तपासाचा दोष उघड आहे. पण ताजी ओळख बाजूला पडली आणि नंतरची फाशीपर्यंत घेऊन गेली.

साक्षीदाराच्या खात्रीचा खरेपणाशी फारसा संबंध नाही, असं मानसशास्त्रज्ञ पूर्वी म्हणत. आता ते म्हणतात, संबंध आहे, पण पहिल्याच, नीट घेतलेल्या ओळखीच्या वेळी. नंतर "बरोबर ओळखलंत" एवढं कुणी म्हटलं तरी खात्री फुगते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण परेडचं व्हिडिओ चित्रण त्यांनी बंधनकारक केलं ते ओळखणारी व्यक्ती अपंग असेल तेव्हाच. ते सरसकट करायला हवं. साक्षीदार आधी "बहुतेक हाच" म्हणाला होता की "हाच", हे काही वर्षांनी परभणीच्या न्यायाधीशांना पंचनाम्यातल्या ठरावीक वाक्यावरून कळणार नाही.