बाजारात तुरी

जे अस्तित्वातच नाही, त्याविषयीचे विधान खरे असू शकते काय? हा प्रश्न माझ्यापुढे टाकला तो कृष्णविवरांनी. तीही आपल्या आकाशातली नव्हेत, गणितात मांडलेल्या पाच मितींच्या विश्वातली.

लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चार मितींच्या आपल्या जगात निवांत झालेले कृष्णविवर वस्तुमान, परिवलन आणि विद्युतभार या तीन राशींत संपते. ते कोणत्या ताऱ्याचे कलेवर, याची खूण बाहेर उरत नाही. 1967 ते 1975 या काळात इस्राएल, कार्टर, रॉबिन्सन प्रभृतींनी हे गणिताने बांधून दिले. गुरुत्वाकर्षणाचा स्वभावच असा निर्मम, असे आम्ही समजून चाललो. विरक्त मनाला हे फार रुचते. मलाही रुचले होते.

2002 साली एम्परान आणि रील यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांना एक मिती वाढवून दिली, तो हाती आले कड्याच्या आकाराचे कृष्णविवर! स्वतःच्या गिरकीच्या जोरावर ते मिटून जात नाही. काही मर्यादेत तर वस्तुमान तेच, परिवलन तेच, आणि विवरे मात्र तीन: एक गोल, दोन निरनिराळी कडी. ओळखीचे सगळे कागद जुळतात आणि माणूस भलताच निघतो, तसेच हे.

त्याआधी 1993 मध्ये ग्रेगरी आणि लाफ्लाम यांनी दाखवले होते की दोरीसारखे लांबच लांब कृष्णविवर टिकत नाही. नळ बंद करत आणला की बारीक धार थेंबाथेंबांनी तुटते ना? तसे. 2010 मध्ये लेनर आणि प्रिटोरियस यांनी संगणकावर हे पाहिले: दोरीवर मणी धरतात, मधला धागा बारीक होतो, त्यावर पुन्हा मणी.

माझे एक स्नेही म्हणतात, "बाजारात तुरी नि भट भटणीला मारी!" त्यांचा आक्षेप हलका नाही. पाचवी मिती कोणी पाहिलेली नाही, आणि माणसे आयुष्ये वेचीत आहेत. ‘पुढे उपयोग होईल’ हे उत्तर मला लबाडीचे वाटते. मला एवढेच दिसते, की जो नियम आम्ही गुरुत्वाकर्षणाच्या नावावर मांडला होता, तो निघाला चार मितींचा. आणि हे आपल्याच जगाविषयीचे ज्ञान नसलेल्या जगावाचून मिळाले नसते.

स्नेही ऐकून घेतात. मग विचारतात, "ते सगळे ठीक. पण ते कडे आहे कुठे?"

मी अजून उत्तर दिलेले नाही.