उडायला शिकायचंय? कशासाठी?

पुण्यात राहून विमान चालवायला शिकायचं म्हणून कुणी मोबाइलवर शोधायला बसलं, की पाच मिनिटांत एक गोष्ट ध्यानात येते. सगळी चर्चा नोकरीची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होतं का, 200 तासांचा कमर्शिअल परवाना किती महिन्यांत हाती येतो, कर्ज कोण देतं, पगार किती मिळतो. मला नुसतं उडायचंय, असं म्हणणारा माणूस या गर्दीत कुणाच्या हिशेबातच नसतो.

खरं तर त्याच्यासाठी वेगळा परवाना आहे. प्रायव्हेट पायलट लायसन्स. वय 17 पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान 40 तासांचं उड्डाण. हा परवाना घेऊन पगारी वैमानिक होता येत नाही. कायद्यानेच हौसेसाठी राखून ठेवलेली ही जागा आहे; आपल्याला मात्र तिचा विसर पडलाय. शिकण्यावर घातलेला पैसा वसूल झालाच पाहिजे, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय, की निव्वळ आवडीपोटी शिकणारा आपल्याला उधळ्या वाटतो.

खर्च मोठा आहे, हे मी नाकारत नाही. एका तासाचा दर पाच आकडी असतो आणि 40 हा आकडा किमान आहे. बहुतेकांना त्याहून जास्त तास लागतात. पण जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तेव्हा त्यांची विमान कंपनी नव्हती. कराची ते मुंबई टपालाचं विमान त्यांनी 15 ऑक्टोबर 1932 ला आणलं. उडण्याची आवड आधी होती. धंदा मागाहून आला.

पुणेकराची अडचण मात्र वेगळीच. लोहगावचा तळ हवाई दलाचा. तिथे लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर, शिकाऊ माणसाला जागा कुठली? म्हणून गाठायची बारामतीची प्रशिक्षण संस्था, शंभरेक किलोमीटर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जायचं, तर तासाभराच्या उड्डाणासाठी अख्खा दिवस जातो, आणि ढग खाली आले तर हात हलवत परत. पावसाळ्यात असे दिवस किती, हे आधी विचारावं. संस्थेकडे विमानं किती, यापेक्षा आज उडण्याच्या स्थितीत किती, हे विचारावं. एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, तेही. सगळी फी एकरकमी भरू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2025 मध्ये प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. चकचकीत फोटो पाहताना हे लक्षात असू द्यावं.

पण खुद्द पुण्यातच, हडपसरला, डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र; तिथून आलेला लांबलचक दोर ग्लायडरच्या पोटाखाली अडकवतात. एक जण पंखाचं टोक हाताने समतोल धरून उभा. दोर ताणला जातो, तो माणूस चार पावलं सोबत धावतो आणि हात सोडतो. क्षणात ग्लायडर नाक वर करून चढतं, वर दोर सुटतो, आणि मग उरतो फक्त वाऱ्याचा आवाज. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण घारी पंख न हलवता जिथे गिरक्या घेत वर सरकतात, तिथे ती असते. ग्लायडरचा वैमानिक त्या घारींवर नजर ठेवतो आणि आपलं यान त्यांच्याखाली नेतो.

इंजिन नसलेलं हे यान कुणाला गावाला नेत नाही, की एअरलाइनची नोकरी देत नाही. तरी माणसं तिथे उन्हात आपल्या पाळीची वाट बघत थांबतात. त्यांना काय हवं असतं, ते फीच्या तक्त्यात सापडणार नाही.

म्हणून विमान चालवायला शिकायचं मनात असेल, तर आधी चौकशी करून, उड्डाणं चालू असतील अशा दिवशी हडपसरला जा. पंख धरणाऱ्या माणसाशी बोला. पैसे भरायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.