सांगावे कोणी?

दान गुप्तपणे द्यावे, असे प्रभू येशूने शिकवले. दिवा मापाखाली ठेवू नये, असेही शिकवले. या दोहोंचा मेळ कसा घालावा? इटालियन सायकलपटू जिनो बार्ताली यांचे चरित्र वाचताना आम्हांला या प्रश्नाचे उत्तर गवसले.

बार्ताली यांनी १९३८ व १९४८ साली ‘तूर द फ्रान्स’ जिंकली आणि १९५४ साली ते शर्यतींतून निवृत्त झाले. त्यांची सर्वांत कठीण दौड मात्र प्रेक्षकांविना झाली. १९४३-४४ साली, जर्मन अंमलाखाली, फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून ते सरावाच्या मिषाने असिसीपर्यंत जात. सायकलच्या नळ्यांत ज्यू बांधवांसाठीची बनावट ओळखपत्रे दडवलेली असत. एका ज्यू कुटुंबाला त्यांनी आसराही दिला. युद्धानंतर त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. मुलालाही मौन राखण्यास बजावले. २००० साली त्यांचे निधन झाले. वाचलेल्यांनी मात्र साक्ष दिली आणि २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ हा सन्मान दिला.

तेव्हा मौन हे कर्त्याचे कर्तव्य आणि बोलणे हे ऋणकोचे. आपण नेमके उलटे करतो. देणगीदार मंदिराच्या बाकावर आपले नाव आपणच कोरून घेतो; ज्याची फी कुणी भरली, तो मोठा झाल्यावर ते नाव उच्चारत नाही. असे झाले की दान व्यवहार बनते आणि कृतज्ञता मुकी होते.

वाचकहो, आपण कोणाचे नाव सांगायचे राहिलो आहोत?