लेकराचं दुखणं खरं की खोटं?

शाळेला निघायच्या वेळी मुलगी म्हणते, "माय, डोस्का दुखते." आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. बाप म्हणतो, गणिताचा पेपर आहे ना आज! आई डब्यातली गोळी काढून देते. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमधल्या कुठल्याही गावात हे घडू शकतं. डोळे तपासले, डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी आठवड्यातून दोनदा पोर डोकं धरून बसतं. मग घरात कुणीतरी हळूच म्हणतं, मागल्या जन्मीचं काही असेल.

ह्या बोलण्याला फार जुनं उत्तर आहे. जिल्ह्यातल्याच पवनीत १९६९-७० च्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. तो ज्या धम्माचा, त्याच्या संयुत्तनिकाय ह्या ग्रंथात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो, ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतुपालट, शरीराची आबाळ, बाहेरचा आघात अशी सात कारणं ते आधी मोजतात आणि कर्माला आठवी जागा देतात. विदर्भातलं ऊन, उपाशीपोटी गाठलेली शाळा, अपुरी झोप ह्यांनी मायग्रेन उठतं, असं आजचे डॉक्टर सांगतात. ऋतुपालट आणि आबाळ ह्या दोन शब्दांत त्यातलं बरंचसं बसतं.

त्याच निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराची वेदना, दुसरा तिच्यावरून मनाने केलेला आकांत. दृष्टान्त मोठा आहे, पण लेकराला ऐकवताना जपायला हवं. "मनावर घेऊ नको" एवढंच त्याच्या कानावर पडलं, तर दुसरा बाण आपणच मारलेला असतो.

वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या जोडीला बजावते की, माणूस दुखतं म्हणाला तर त्याचा मान राखावा. इजा दिसत नसली तरी वेदना असू शकते. मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवते, आणि वारंवार वाजणारी घंटा कधीकधी धोका नसतानाही वाजू लागते. घंटा खोटी नसते. ती फक्त हळवी झालेली असते.

हेच मुलांना समजावण्यासाठी जर्मनीतल्या डाटेल्न गावच्या बालवेदना केंद्राने दहा मिनिटांची चित्रफीत काढली आणि इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली. असं काही इकडच्या झाडीबोलीत, आईच्या मोबाइलवर पाहता येईल असं व्हायला हवं. वेदना समजली की भीती ओसरते, आणि भीतीने वाढलेलं दुखणंही उतरू शकतं. अर्थात अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, पहाटेच्या उलट्या किंवा अंधुक दिसणं असेल, तर आधी दवाखाना. आणि साधी वेदनाशामक गोळीही महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, महिनोन्महिने घेतली तर तिच्यानेच डोकं दुखू लागू शकतं, हे आयांना कुणीतरी सांगायलाच हवं.

मुलीच्या हाती एक वही द्यावी. कधी दुखलं, सकाळी काय खाल्लं, रात्री किती वाजता झोपली, उन्हात किती चालली, एवढंच तिने लिहावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा ती वही डॉक्टरांपुढे उघडावी, आणि त्यांनी तिच्याशी बोलत बोलत ती पहिल्या पानापासून वाचावी.