व्हिडिओ लिनक्सने खाल्ला म्हणे!

उभा राहा. जमिनीकडे काय बघतोस, इकडे बघ. 'सर, लॅबच्या लिनक्सने माझा व्हिडिओ खाल्ला' असं मघाशी दारात ऐटीत म्हणालास, तेच आता सगळ्यांसमोर म्हण. नाही ना निघत तोंडातून? आणि मागच्या बाकावरच्यांनी दात काढू नका रे. तुमच्यातल्या निम्म्यांचे पेनड्राइव्ह याच वाटेने जाणार आहेत.

विषय चांगला घेतलास, त्याबद्दल तक्रार नाही. खापरखेडा वीज केंद्राची राख, वारेगावचा राख बंधारा, राखेच्या विटा. उन्हातान्हात फिरून शूटिंग केलंस. व्हिडिओ झाला साडेचार जीबीचा. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, कोरा करकरीत, तरी फाइल त्यात जाईना. संगणक स्वच्छ सांगत होता की ही फाइल या फाइल सिस्टिमला झेपणारी नाही. वाचलंस? ती खिडकी बंद केलीस आणि दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत त्या माणसाला म्हणालास, डुप्लिकेट माल विकता. अरे बाप्पा, तो पेनड्राइव्ह फॅट-32 मध्ये होता. 1996 सालची व्यवस्था ती. फाइलचा आकार लिहून ठेवायला तिच्यात 32 बिटांची जागा आहे, आणि तेवढ्या जागेत बसणारी सर्वांत मोठी संख्या 4,29,49,67,295. तितके बाइट, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. पुढची फाइल ती घेणारच नाही, मग पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. 2 चा 32 वा घात गणिताच्या तासाला झोपेतही सांगतोस. इथे समोर आला तर ओळख दाखवली नाहीस.

दुकानदार बिचारा भला, त्याने एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून दिला. विंडोजवर चालला. मग नागपूरला मावसभावाच्या मॅकवर एडिटिंगला गेलास. मॅक एनटीएफएसवरचं वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. लगेच तुझा निकाल तयार, 'दादाचा मॅक बिघडला'. दादाने डोकं वापरून एक्सफॅट केलं. मायक्रोसॉफ्टने ते 2006 मध्ये आणलं, 2019 मध्ये त्याचा तपशील जगासाठी खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या 5.4 कर्नलमध्ये ते दाखल झालं. आता विंडोज, मॅक, लिनक्स तिघंही त्यावर सुखाने वाचतात-लिहितात. हे दादाला माहीत होतं, तुला नव्हतं. नसणं हा गुन्हा नाही. काऊन विचारलं नाहीस, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्यानंतर लॅबमध्ये आलास आणि म्हणालास, 'लिनक्सला मराठी कळत नाही.' का, तर फाइल कॉपी होईना. नाव काय होतं त्या फाइलचं? प्रकल्पाचं शीर्षक, उपशीर्षक, शाळेचं नाव, तुझं नाव, वर्ग, तुकडी, सगळं! आपल्या लॅबच्या उबुंटूवर फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे 3 बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. नुसतं 'खापरखेडा' लिहिलं की 24 बाइट संपले. 85 चिन्हांत जे बसेल ते नाव. विंडोज चिन्हं मोजतो, हा बाइट मोजतो. मराठी त्याला तुझ्यापेक्षा बरी कळते.

आता खरा पराक्रम. मराठी निवेदन जोडून अंतिम व्हिडिओ लॅबच्या संगणकावर तयार झाला. तो पेनड्राइव्हवर घेताना तू कॉपी केलं नाहीस, कट केलं. पट्टी भरली, आणि भरल्या भरल्या पेनड्राइव्ह उपटून घंटेच्या आधी पळालास. ती पट्टी भरली म्हणजे फाइल पोचली असं नसतं, रे. लिनक्स आधी सगळं मेमरीत घेऊन ठेवतो आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतो. इजेक्ट दाबलं असतंस तर पडद्यावर आलं असतं की लिहिणं चालू आहे, काढू नका. घरी तुझी ही धसमुसळी सवय खपून जाते, कारण विंडोज 10 ने 2018 च्या शेवटापासून पेनड्राइव्ह पटकन काढता यावा अशीच व्यवस्था ठेवली आहे. विंडोजने लाडावलं म्हणून सगळ्यांनी लाडवावं? त्यात एक्सफॅटमध्ये फाइलींच्या नोंदींचा तक्ता सहसा एकच असतो, फॅट-32 सारखी त्याची दुसरी प्रत नसते. लिहिता लिहिता तो अर्धवट राहिला की कारभार संपला.

तुझे बाबा वीज केंद्रात आहेत. चार संच 210 मेगावॅटचे, एक 500 चा. परमिट हातात नसताना ते एखाद्या ब्रेकरला बोट तरी लावतात का, विचार घरी. आणि त्यांचाच मुलगा चालू लिखाणात हात घालतो. वर आज सकाळी घरच्या संगणकाने विचारलं, फॉरमॅट करायचं का, तर हो म्हणून मोकळा!

आणि हा पेनड्राइव्ह बाबांच्या हाती देऊन केंद्रात प्रिंट काढून आणायचा बेत होता, हेही माझ्या कानावर आलंय. खबरदार. दुकान, दादा, लॅब, घर असा गावभर फिरलेला पेनड्राइव्ह आहे तो. 2010 मध्ये स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आला. इराणच्या नतांझमधली यंत्रं बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलीच नव्हती, तरी तो आत घुसला आणि युरेनियमची सेंट्रिफ्यूज नासवली. त्याचं वाहन पेनड्राइव्ह. फाइल उघडायचीही गरज नव्हती, विंडोजमध्ये नुसतं आयकॉन दिसलं की झालं. त्याची लागण झालेल्या देशांत आपलाही नंबर वरचा होता. घरी बाबांना सांग, हा पेनड्राइव्ह केंद्राच्या फाटकाच्या आत न्यायचा नाही.

रडू नकोस. क्विक फॉरमॅटने नोंदी पुसल्या जातात, आतला मजकूर बहुतेक जागेवरच असतो, फक्त त्यावर नवीन काही लिहायचं नाही. पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेव. लॅबच्या त्या संगणकावर आज कोणी बसणार नाही, कुलूप मी घातलंय. शाळा सुटल्यावर ये, दोन्हींवर पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवून बघू. निवेदनासकटचा व्हिडिओ मिळेल अशी हमी देत नाही. नाहीच मिळाला तर दादाच्या मॅकवर मूळ शूटिंग आहे का ते आत्ताच ऑफिसच्या फोनवरून विचारून घे, आणि त्याला सांग, काही पुसू नकोस. दुकानदाराकडे जाशील तेव्हा गिऱ्हाईक असतानाच जा. डुप्लिकेट म्हणालास तेही गिऱ्हाइकांसमोरच ना?