यंत्रावरचे आयुष्य आणि प्रायोपवेशन

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूस डायलिसिसवर अनेक वर्षे जगू शकतो. डायलिसिस बंद केले तर बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचा मृत्यू होतो. एरवी दैवावर सोडलेली वेळ इथे कुणाला तरी ठरवावी लागते. अशा रुग्णाने ‘आता पुरे’ म्हटले, तर ती आत्महत्या मानायची का?

प्रश्नाचे हे रूप डायलिसिसच्या यंत्राइतकेच नवे आहे. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनवले, पण ते थोड्या दिवसांच्या बिघाडापुरतेच उपयोगी होते. १९६० मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि डायलिसिस जन्मभराचे झाले. यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. कोणाला जगवायचे हे ठरवायला तिथे नागरिकांची एक समिती नेमली गेली. रुग्णाची नोकरी, संसार, समाजातले स्थान पाहून ती निवड करी. माणसाच्या जिवाची किंमत अशी लावू नये, ही त्यावरची टीका रास्तच होती.

महाराष्ट्रात हा विषय घरोघर पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. आणीबाणीतल्या अटकेतून १२ नोव्हेंबर १९७५ रोजी सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. पंतप्रधान निधीतून देऊ केलेली रक्कम त्यांनी स्वीकारली नाही; लोकांनी दिलेल्या लहान लहान देणग्यांतून यंत्राची सोय झाली. मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला, बोट ठेवल्यावर जाणवणारी त्यातली थरथर, दर वेळी दोन जाड सुया, चार-चार तासांची बैठक आणि मोजून घेतलेले पाणी, असे डायलिसिसवरचे जगणे असते. अशा जगण्यातच जयप्रकाशांनी १९७७ ची निवडणूक आणि सत्तांतर पाहिले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

याच जयप्रकाशांनी १९५४ मध्ये बोधगयेला विनोबांच्या भूदान कार्यासाठी जीवनदान जाहीर केले होते. विनोबांनी मात्र स्वतःच्या शेवटी वेगळी वाट धरली. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडले, म्हणजे प्रायोपवेशन केले, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. यातला एक धर्माला धरून आणि दुसरा देहाला चिकटून, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जयप्रकाशांचे काम उरले होते. विनोबांच्या मते त्यांचे संपले होते.

परंपरेतही या वाटेला अटी आहेत. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त याविषयीच्या स्मृतिवचनांची चर्चा केली आहे: असाध्य रोग किंवा अति वार्धक्य असेल तर देहत्यागाला काही स्मृतींनी मुभा दिली, एरवी आत्मघात निंद्य ठरवला. अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या जैनांच्या सल्लेखनेतही घाई, राग, निराशा यांना जागा नाही. गुरूची अनुमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला, तो सन्मानाने जगण्याच्या हक्काच्या आधारे. स्मृतींची भाषा वेगळी, तरी निर्णय भानावर असलेल्या माणसाचा स्वतःचा हवा, यावर दोघांचे एकमत दिसते.

ही अट गरिबाच्या बाबतीत बहुतेक वेळा मोडते. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावातून आठवड्यातून तीनदा शहर गाठायचे, तर रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, बुडालेला रोज निघत नाही. तीनाचे दोन होतात, दोनाचे एक, मग फेऱ्या थांबतात. घरचे म्हणतात, ‘त्यांनीच नको म्हटलं.’ याला प्रायोपवेशन म्हणणे म्हणजे विनोबांचा आणि त्या रुग्णाचाही अवमान आहे. त्याच्यापुढे निवड ठेवलेलीच नव्हती.

जयप्रकाशांवर उपचार करणाऱ्या डॉ. मणी यांचे पुढचे काम गरिबाच्या या कोंडीच्या टोचणीतून घडलेले दिसते. जसलोकनंतर चेन्नईत गेल्यावर त्यांनी ‘किडनी हेल्प ट्रस्ट’च्या मार्फत तमिळनाडूच्या खेड्यांत एक कार्यक्रम उभा केला. गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन लघवी तपासत, रक्तदाब मोजत. मधुमेह आणि रक्तदाबावर स्वस्त, जुनी औषधे दिली जात. माणशी वर्षाचा खर्च काही रुपयांत बसला. यंत्रावर कारकीर्द उभी राहिलेल्या तज्ज्ञाने यंत्राची गरजच कमी करायला निघावे, यात मोठा नैतिक निर्णय आहे.

नंदुरबारला या कामाची निकड आणखी एका कारणाने आहे. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. लघवी दाट करण्याची ताकद आधी जाते, पुढे लघवीतून प्रथिन जाऊ लागते. ते साध्या पट्टीवर कळते, आणि तेव्हा औषध सुरू केले तर मूत्रपिंडाची झीज मंद करता येते.